प्रसूतिगृहाचं बारसं

नगरात रस्त्याला नाव द्यायचं काम नगरपालिकेचं आणि ते न वापरायचं काम लोकांचं. दोन्ही पक्ष आपापलं काम चोख करत आलेले. पालिकेनं एखाद्या गल्लीच्या तोंडाशी निळी पाटी ठोकावी, तिच्यावर कुणा थोर माणसाचं नाव, आधी 'कैलासवासी' आणि शेवटी 'पथ' लावून, पांढऱ्या अक्षरात रंगवून घ्यावं, आणि त्याच पाटीखाली उभं राहून टांगेवाल्यानं गिऱ्हाइकाला विचारावं, "मोडक्या पंपापाशीच जायचं ना?" पंप केव्हाच उखडून नेलेला असतो. पण नाव टिकतं, कारण ते कुणी ठेवलेलं नसतं, आपोआप पडलेलं असतं.

बुरूडगाव रस्त्याच्या अंगाला नवी वस्ती झाली तेव्हा तिलाही असंच नाव पडलं. पालिकेच्या दप्तरात तिचा काही लांबलचक क्रमांक होता. लोक म्हणत, आत्याची वस्ती. वस्तीच्या तोंडाशी लंकाबाईची खाणावळ होती आणि लंकाबाईला सगळं जग आत्या म्हणत असे. कोर्टात तारखेला आलेले शेतकरी, एसटीचे ड्रायव्हर, शेजारच्या गल्लीतले विणकर, सगळे तिच्याकडे बाजरीची भाकरी आणि हुलग्याचे शेंगोळे खायला येत. तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा पाटावर बसल्या बसल्या "आत्या, ठेचा वाढा" म्हणून हाक घालत. लंकाबाईला त्याचं काही वाटत नसे. "म्हना की," ती म्हणायची, "आत्या म्हनल्यानं भाकरी सस्त्यात मिळायची न्हाई."

पण या हाकेत एक सल होता आणि तो तिच्यापाशीच होता. जिला गावभर आत्या म्हणत, तिला आत्याचा मान एकदाही मिळालेला नव्हता.

लंकाबाई मूळची पारनेरकडची. लग्न होऊन नगरात आली आणि ऐन तरुणपणी नवरा गेला. तिचा थोरला भाऊ मच्छिंद्र तेव्हा नगरातच अडतीच्या धंद्यात वर आला होता. त्यानं तिला घरी ये म्हटलं. ती गेली नाही. चूल मांडून भाकऱ्या विकायला लागली. मच्छिंद्रला ते फार लागलं. आपल्या घरची बाई बाजारात भाकरी थापते, म्हणून तो चारचौघांत मान खाली घालू लागला. पुढं कितीतरी नवससायासांनी त्याला मुलगा झाला. लंकाबाईनं टोपडं-अंगडं शिवलं, बाराव्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसली आणि उंबऱ्यात बसून बोलावण्याची वाट पाहिली. भाच्याचं नाव आत्यानंच ठेवायचं, त्यात कुणी विचारायचं काय? बोलावणं आलं नाही. मच्छिंद्रनं चुलतबहिणीला बोलावून तिच्याकडून नाव ठेवून घेतलं. विधवा बाईच्या तोंडून पोराचं नाव निघायला नको, असं तो म्हणाल्याचं मागाहून तिच्या कानावर आलं. त्या दिवसापासून बहीणभावाचं बोलणं बंद झालं, ते मच्छिंद्र जाईपर्यंत बंदच राहिलं.

गंमत अशी, की तोच भाचा, राधाकृष्ण, शाळेत असल्यापासून घरच्यांची नजर चुकवून आत्याकडे शेंगोळे चापायला यायचा. त्यानं 'आत्या, आत्या' केलं, म्हणून गिऱ्हाइकांनी केलं, म्हणून वस्तीनं केलं. आता तो चांगला बायकापोरांचा धनी, नगरसेवक, खादीचा कडक झब्बा घालणारा. पण आत्यासमोर पाटावर बसला की अजून बोटं चाटायचा. बारशाची गोष्ट मात्र दोघांनीही कधी काढली नाही.

वस्तीत कुणाकडे बारसं असलं की घुगऱ्या शिजवायला लंकाबाई. अख्ख्या वस्तीच्या बारशाच्या घुगऱ्या तिच्या हातच्या. पाळणा हलायला लागला की मात्र ती हात पुसत दारापाशी उभी राही. पाळण्याच्या दोरीला तिनं कधी हात लावला नाही आणि लाव असं तिला कुणी म्हटलंही नाही.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी पालिकेनं वस्तीच्या मागच्या मैदानात प्रसूतिगृह बांधायला काढलं. दुष्काळ पडला, माणसं खडी फोडायला लागली, पाण्याला टँकर आले, तरी प्रसूतिगृह पूर्ण झालं. खाटा आल्या. नर्सबाई नेमली. आणि दाराला कुलूप लागलं, कारण नावच ठरेना.

राधाकृष्णाचं म्हणणं, प्रसूतिगृहाला त्याच्या वडिलांचं नाव द्यावं. मच्छिंद्रनं बांधकामाला पहिली मोठी देणगी दिली होती आणि मरताना मुलाचा हात धरून म्हटलं होतं, "माझं नाव कुठंतरी लाव रे." मुलानं लावतो म्हटलं होतं. समोरच्या गटाचे पुढारी रंगनाथशेठ, तेलाच्या घाण्यांचे मालक. त्यांचं म्हणणं, मैदान त्यांच्या आजोबांनी शहराला दिलेलं, तेव्हा नाव आजोबांचं. कोनशिला घडवून तयार होती. तिच्यावर वर 'नगरपालिका', खाली 'प्रसूतिगृह' आणि मधे गुळगुळीत मोकळी जागा. दोन्ही गटांनी बजावून ठेवलं होतं, की दुसऱ्याचं नाव लागलं तर उद्घाटनाच्या दिवशी दारात आडवे पडू. नगराध्यक्ष आबासाहेब स्वभावानं गरीब माणूस. विषय निघाला की त्यांना घाम फुटायचा आणि ते तो पुढच्या सभेवर ढकलायचे.

इकडं बायका घरातच बाळंत होत होत्या. वस्तीची सुईण झुंबरबाई आता म्हातारी झाली होती, डोळ्यांना कमी दिसत होतं. तीच सगळ्यांत जास्त चिडली. "माझं डोळं चाललं आन् ह्यांचं नाव ठरंना," म्हणत तिनं बायका गोळा केल्या आणि सगळ्या पालिकेच्या सभेला जाऊन बसल्या. लंकाबाईनंही चूल विझवली आणि त्यांच्यात जाऊन मागच्या बाकावर बसली.

सभा नेहमीसारखी झाली. राधाकृष्ण बोलला. रंगनाथशेठ बोलले. मग दोघं एकदम बोलायला लागले. त्यांच्या मागची माणसं उभी राहिली. आबासाहेबांनी घंटा वाजवली, टेबल वाजवलं आणि शेवटी बिचाऱ्यांचा तोल सुटला.

"अहो, नाव ठेवायला इतका गोंधळ बारशातसुद्धा होत नाही. घाला मग बारसं. बोलवा कुणाच्या तरी आत्याला आणि मोकळे व्हा."

सभागृह हसलं. झुंबरबाई हसली नाही. ती काठी टेकत उठली.

"चालंल," ती म्हणाली. "अध्यक्षांनी शब्द दिला, समद्यांनी ऐकला. बारसं घालू. आत्या काय शोधायची? ती बगा मागं बसलीया."

सगळ्या माना मागं वळल्या. लंकाबाईनं पदर तोंडावर ओढला. आबासाहेब "तसं नव्हे, मी आपलं बोलण्याच्या भरात" असं काहीतरी म्हणू लागले आणि मधेच थांबले. नाव कुठलंही निघालं तरी शिव्या आत्याला बसणार, आपल्याला नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

रंगनाथशेठ उठले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हे हरकत घेणार. बाई राधाकृष्णाची सख्खी आत्या. पण शेठ मुरलेले होते. ज्या भावानं बारशाला बोलावलं नाही, त्याचं नाव ही बाई जन्मात घेणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "आमची हरकत नाही," ते गोड हसून म्हणाले. "आत्या सगळ्यांचीच." राधाकृष्णानंही मान डोलावली. कितीही झालं तरी सख्खा भाऊ, नाव त्याचंच निघणार, असा त्याचा हिशेब. एकाच गोष्टीला दोघांनी अगदी उलट कारणांनी होकार दिला आणि वर्षभर अडलेला ठराव चहा यायच्या आत मंजूर झाला.

जिन्यात लंकाबाईनं झुंबरबाईला गाठलं.

"म्हातारे, काय केलंस हे? माझं कपाळ मोकळं. माझ्या तोंडून नाव निघालेलं लोकांना चालंल का? बाळंतिनींची जागा ती."

"न चालायला काय झालं?" झुंबरबाई म्हणाली. "मी बी रांडाव हाय. निम्मं नगार माझ्या हातात जल्मलं. तवा कुनी कपाळ बघितलं न्हाई, नुसतं 'लवकर ये' म्हनायचं. आन् दृष्ट लागायची तर इमारतीला लागंल. ती आदीच गळती."

लंकाबाईला हसू फुटलं. पण घरी येईपर्यंत तिला कळून चुकलं होतं, की हा मान आपल्याला हवा आहे. नुसता हवा नाही, इतकी वर्षं आपण त्याच्यावर डोळा ठेवून होतो. आणि मिळाला तो असा, की त्यात भावाचं नाव घ्यायचं की टाकायचं, हेही आपल्याच गळ्यात.

दुसऱ्याच दिवशी रंगनाथशेठ खाणावळीत आले. एरवी त्यांचा गडी डबा न्यायचा. आज स्वतः पाटावर बसले, दोनदा शेंगोळे मागून घेतले आणि ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं तरी "वा" म्हणाले. उठताना हळूच म्हणाले, "आत्या, माणसानं झालेला अपमान विसरू नये."

"इसरले न्हाई, शेठ," लंकाबाई म्हणाली. "तुमी मागं भाकरीला जाडी म्हनला हुता, ते बी ध्यानात हाय."

संध्याकाळी राधाकृष्ण आला. तो नेहमीसारखा जेवला नाही. ताटात बोटं फिरवत बसला.

"आत्या, दादांना शब्द दिलाय मी. त्यांनी तुझ्याशी जे केलं ते मला माहीत आहे. सगळं माहीत आहे. तरी..."

"तरी बाप हाय," लंकाबाई म्हणाली.

"हो."

"माझा भाऊबी हुता, राधा. मला खांद्यावर बसवून जत्रंला न्यायचा. पन तू आता काय मागू नगंस. मागितलंस तर मला न्हाई म्हनता यायचं न्हाई, आन् व्हय म्हनलं तर माझं मला खाईल. जेव गप."

तो जेवला. ती त्याच्याकडे पाहत राहिली आणि तिला भावाचा रागही आला आणि भावाची आठवणही आली. कुठलं आधी आलं ते तिला सांगता आलं नसतं. नाव टाकावं तर या पोराचं तोंड उतरणार. घ्यावं तर ज्या दारात आपण नकोशा ठरलो, त्याच दाराची पाटी आपणच रंगवायची. तिला दोन्ही जमेना.

बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी चांगुणा आली. ही पाथर्डीकडची पोर, नवऱ्याबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला आलेली, दिवस भरत आलेले. लंकाबाई तिला रोज ताक आणि भाकरी देई आणि नको म्हटलं तर रागावे.

"चांगुणे, आता गावाला जा," लंकाबाई म्हणाली. "पैलं बाळंतपन माहेरातच करत्यात. आई वाट बघत आसंल."

"माहेराला कुलूप हाय, आत्या," चांगुणा म्हणाली. "आई, बाप, भाऊ, भावजय, समदी कोयते घिऊन ऊसतोडीला कारखान्यावर गेल्यात. गावात कुत्रं सुदिक न्हाई. म्या कुटं जाऊ?"

ती हे रडून बोलली नाही. भाकरी मोडत, जसं काय हवा कशी आहे ते सांगावं तसं बोलली. लंकाबाईचा हात मात्र काठवटीतच थांबला. भाच्याच्या बारशापासून तीही कुणाच्या उंबऱ्यात पाहुणी म्हणून गेली नव्हती. दर दिवाळीला भाऊबिजेचं ताट तिनं चुलीला ओवाळून ठेवून दिलं होतं. पोरीचं कुलूप निदान कोयता घेऊन गेलेल्यांचं होतं, ते परत येतील. लंकाबाईनं तिला आणखी एक भाकरी वाढली आणि त्यानंतर दिवसभर ती कुणाशी फारशी बोलली नाही.

बारशाला अख्खी वस्ती लोटली. प्रसूतिगृहाच्या दाराशी पाळणा टांगला होता, झेंडूच्या माळा लावलेल्या. पाळण्यात ठेवायला बाळ नव्हतं, म्हणून बायकांनी रिवाजाप्रमाणं वरवंटा धुऊन, त्याला हळदकुंकू लावून, टोपडं घालून निजवला. आबासाहेबांनी गुलाबी फेटा बांधला होता. एका बाजूला रंगनाथशेठ आणि त्यांची माणसं, दुसऱ्या बाजूला राधाकृष्ण. घुगऱ्या लंकाबाईनंच शिजवल्या होत्या. या वेळी मात्र पातेलं दुसरीकडं देऊन झुंबरबाईनं तिला हाताला धरून पुढं आणलं. पाळण्याची दोरी तिच्या हातात दिली. लंकाबाईनं पाळणा हलवला. दोरी सुताची होती, जरा खरखरीत. डोळ्यांसमोर सगळं धूसर झालं, म्हणून तिनं मान खाली घातली आणि हलवत राहिली, इतका वेळ की बायकाच म्हणाल्या, "आत्या, वरवंटा निजला आता. नाव घ्या."

मग अडचण उभी राहिली. नाव कानात सांगायचं, आणि इमारतीला कान कुठला?

"कुलपाच्या भोकात सांग," झुंबरबाई म्हणाली. "इतके दिस तेच काय ते ऐकत बसलंय."

लंकाबाई दाराशी गेली, वाकली, कुलपाला तोंड लावून "कुर्रर्र" केलं आणि नाव सांगितलं. त्याबरोबर बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. नाव ठेवणाऱ्या आत्याच्या पाठीत घालायचे ते धपाटे. वस्तीतल्या कितीतरी आत्यांनी खाल्लेले, हिनं कधीच न खाल्लेले. खडी फोडणाऱ्या हातांचे चांगले सणसणीत होते. लंकाबाई हसत होती आणि आणखी घाला म्हणाली असती, इतकं तिला ते गोड लागलं.

"आता मोठ्यानं सांगा, आत्या," आबासाहेब म्हणाले. त्यांना पुन्हा घाम फुटला होता.

लंकाबाई वळली. तिनं आधी भाच्याकडे पाहिलं आणि मग समोर बसलेल्या चांगुणाकडे.

"माहेर," ती म्हणाली. "हेचं नाव माहेर. जिला माहेर हाय तिनंबी यावं, जिला न्हाई तिनंबी यावं. जिच्या माहेराला कुलूप लागलं तिनं तर आदी यावं."

मग बायकांच्या बाजूनं जो गलका उठला, त्यात पुरुषांचं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. रंगनाथशेठ मच्छिंद्रचं नाव आलं नाही म्हणून टाळ्या वाजवायला लागले, आणि आजोबांचंही आलं नाही हे उमगेपर्यंत इतक्या वाजवून झाल्या होत्या, की मागं घेता येईनात. या नावाविरुद्ध दारात आडवं पडायचं तर घरच्या बायकांनी घरात घेतलं नसतं.

राधाकृष्ण मात्र जागचा हलला नव्हता. त्याचा शब्द गेला होता. चेहरा उतरलेला सगळ्यांना दिसत होता, आणि लंकाबाईला दुसरं काही दिसतच नव्हतं. मान मिळाल्याचा तिचा आनंद तिथल्या तिथं कोमेजला. पोराला आपण दुखावलं, आता हा शेंगोळे खायला यायचा नाही, असं तिला वाटलं.

तो गर्दीतून वाट काढत आला. तिच्यासमोर थांबला.

"आत्या," तो म्हणाला, "दादांनी तुला दार लावलं, त्या दारावर त्यांचंच नाव तुझ्याकडून घ्यायला निघालो होतो मी. मला कळायला हवं होतं. पण एक काम राहिलंय. माझं बारसं."

"आरं, तुझं नाव हाय की."

"ते दुसऱ्यांनी ठेवलंय. मान तुझा होता. तू ठेव."

आणि तो नगरसेवक, दोन मुलांचा बाप, कडक झब्ब्याची पर्वा न करता तिच्यासमोर मातीत गुडघे टेकून बसला आणि त्यानं कान तिच्या तोंडाशी नेला.

लंकाबाईनं दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं. मग तिनं "कुर्रर्र" केलं आणि त्याच्या कानात नाव सांगितलं. तो तसाच बसून राहिला.

"काय ठेवलं?" झुंबरबाईनं विचारलं. तिला दिसत कमी होतं, पण उत्सुकता शाबूत होती.

राधाकृष्ण उठला. गुडघ्यांची माती त्यानं झटकली नाही. सभेत बोलायच्या आवाजात, पण जरा कापऱ्या, त्यानं सांगितलं, "राधाकृष्ण."

"तेच?"

"तेच," लंकाबाई म्हणाली. "चांगलं हाय. मला आवडलं." आणि ती वळून, पदर सावरून, धपाट्यांसाठी पाठ पुढं करून उभी राहिली.